गिरगाव, गिरणगाव आणि एक 'ण'

गिरगाव आणि गिरणगाव या मुंबईच्या दोन जुन्या मराठी वस्त्या. नावांत अंतर एका 'ण'चे. पण त्या एका अक्षराने या शहरातील मराठी माणसांचे दोन वर्ग कित्येक दशके वेगळे ओळखता येत होते. गिरगावात पाहुण्यापुढे 'पाणी' येई, गिरणगावात 'पानी'. गंमत अशी, की ज्या वस्तीच्या नावात 'ण' होता तेथील बहुसंख्य रहिवाशांच्या तोंडी तो नव्हताच. परळ-लालबागचा साचेवाला आपल्या भागाला 'गिरनगाव'च म्हणे आणि त्याचा मुलगा शाळेत गेला, की मास्तर त्याच्याकडून पहिली दुरुस्ती करून घेत ती याच अक्षराची.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला, त्यावरून रान पेटले आणि २९ जून रोजी ते शासन निर्णय मागे घेण्यात आले. ५ जुलै रोजी वरळीत ठाकरे बंधू अनेक वर्षांनी एका व्यासपीठावर आले. या साऱ्या काळात मुंबईत कोणती भाषा बोलली जावी, यावर उदंड चर्चा झाली. मुंबईत जी मराठी प्रत्यक्ष बोलली जाते ती कशी आहे, आजोबांच्या तोंडची, वडिलांच्या तोंडची आणि नातीच्या तोंडची मराठी एकच आहे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. वास्तविक तीन पिढ्यांत या शहराच्या मराठीचे उच्चार बदलले, हेल बदलला, क्रियापदांची रूपेही बदलली. या बदलाची कारणे व्याकरणात शोधून सापडत नाहीत. ती गिरणीच्या भोंग्यात, चाळीच्या गॅलरीत आणि शाळेच्या माध्यमात सापडतात.

मुंबईची मूळ बोली कोणती, याला एक उत्तर नाही. कोळीवाड्यांतील कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू आणि उत्तर कोकण किनाऱ्यावरील मराठी ख्रिस्ती या सर्वांची आपापली मराठी होती. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात परभी, कोळी, किरिस्ताव, आगरी, भंडारी अशा बोलींचे नमुने स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. आगरी माणूस 'घोडा'ला 'घोरा' म्हणतो आणि 'डोळा'ला 'डोला'. 'ळ' आणि 'ण' ही दोन्ही अक्षरे उत्तर कोकणच्या अनेक बोलींना फारशी मानवत नाहीत. म्हणजे ज्याला पुढे 'अशुद्ध' ठरविण्यात आले, तोच उच्चार या बेटावर आधीपासून नांदत होता.

प्रमाण मराठी मात्र पुण्याकडून आली. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, मुंबईच्याच दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, आणि देशावरच्या शिष्टांची भाषा हीच छापायची, शिकवायची व परीक्षेत लिहायची भाषा ठरली. गिरगाव व पुढे दादर येथील नोकरदार घरांनी ती उचलली. कोळीवाडा ज्या बोलीत मासळीचा भाव करी, तिला शाळेच्या फळ्यावर जागा मिळाली नाही.

१८५४ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांच्या गिरणीची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या अर्धशतकात मुंबईचा आवाजच पालटला. रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह साऱ्या दक्षिण कोकणातून, बोटीने माणसे उतरू लागली. घाटावरून सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर येथून माणसे आली. एकाच खोलीत 'माका', 'तुका', 'खंय' म्हणणारा मालवणी आणि 'लई', 'न्हाई', 'कवा' म्हणणारा घाटावरचा गडी क्वचितच राहत; गावकीच्या खोल्या वेगळ्या, खानावळी वेगळ्या. पण साच्यावर ते शेजारी उभे राहत, पाळी सुटल्यावर एकाच नाक्यावर येत आणि संपात एकाच मैदानात बसत. 'जाबर', 'बदली', 'खाते', 'पाळी', 'भोंगा' हे शब्द दोघांचे सामाईक झाले. इंग्रजी 'ऑफिस'चे 'हापिस' आणि 'स्टेशन'चे 'टेसन' हेही दोघांचे.

हे मिश्रण सर्वांना सारखेच खुले होते, असे मात्र नव्हे. धोट्यात सूत ओवताना धागा तोंडाने ओढावा लागे, या कारणासाठी अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नसे. १९२८-२९ च्या संपकाळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला होता. खाते वेगळे, चाळ वेगळी, पाणवठा वेगळा, म्हणून बोलण्याची ढबही काही काळ वेगळी राहिली. गिरणगावची एक बोली झाली, असे सरसकट म्हटले जाते तेव्हा ही बाब वगळली जाते.

गॅलरीत घडलेली मराठी

मूल भाषा आईकडून शिकते. पण तिचा हेल ते खेळगड्यांकडून उचलते, हे भाषावैज्ञानिकांनी अनेक शहरांत पाहिलेले आहे. परगावाहून आलेल्या आई-बापांची मुले काही वर्षांत त्या गावच्या मुलांसारखी बोलू लागतात, घरात कितीही वेगळे बोलले जात असले तरी. मुंबईत या नियमाला चाळीने भलताच वाव दिला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक आणि दारासमोर लांबच लांब मार्गिका. एवढ्याशा खोलीत मूल झोपण्यापुरतेच मावे. त्याचा बाकीचा दिवस गॅलरीत, जिन्यावर, पटांगणात आणि गणपतीच्या मांडवात जाई. मालवणी आईचा मुलगा, साताऱ्याच्या बाईचा मुलगा आणि शेजारच्या गुजराती वाण्याचा मुलगा एकत्र गोट्या खेळत. त्यांतून जी भाषा तयार झाली, ती तिघांपैकी कोणाच्याही घरातली नव्हती.

त्या भाषेची लक्षणे आजही मुंबईबाहेरचा माणूस पटकन ओळखतो. 'नाही'चे 'नाय' झाले. 'म्हणालो' आणि 'सांगितले' या दोहोंची जागा 'बोललो'ने घेतली: 'मी त्याला बोललो, तू येऊ नको.' 'तू कुठे जातोस' यातला शेवटचा 'स' गळला आणि 'तू कुठे जातो' एवढेच उरले. मुली 'मी आले' ऐवजी 'मी आली' म्हणू लागल्या. 'मिळणे' आणि 'भेटणे' यांतला फरक पुसला जाऊन तिकीटही 'भेटू' लागले, कारण हिंदीत दोन्हींना एकच क्रियापद पुरते. गुजरातीतून 'वांधा' आला आणि त्याचा 'वांदा' झाला. उलट दिशेने मराठीची 'वाट लागली' हिंदीत गेली आणि 'बिनधास्त' तर देशभर पोहोचला. यांतील काही रूपे विदर्भात, खानदेशात वा घाटावरही आढळतात, तेव्हा त्यांचे सारे श्रेय अथवा दोष हिंदीच्या माथी मारणे योग्य नाही. मुंबईने एवढेच केले, की वेगवेगळ्या बोलींतील सोपी रूपे निवडली आणि एका पिढीत पक्की करून टाकली.

साहित्याने हा आवाज उशिरा ऐकला. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची; पण त्या चाळीतील मंडळी गिरगावच्या अंगाने बोलतात. नाक्यावरच्या पोरांची भाषा भाऊ पाध्ये यांनी 'वासूनाका'त १९६५ मध्ये जशीच्या तशी आणली, तेव्हा त्यावर अश्लीलतेचा गदारोळ उठला. बाबूराव बागूल, नारायण सुर्वे आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी नामदेव ढसाळ यांच्या लेखनातून तीच भाषा छापील पानावर येत राहिली. वाचकांपैकी अनेकांना ती परकी वाटली, ही गोष्ट शहराच्या दोन मराठींमधील अंतर पुरेसे सांगते.

मास्तर, आकाशवाणी आणि टायपिंगचा क्लास

दुसरी पिढी दोन जिभांची. या पिढीचे शिक्षण महापालिकेच्या किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेच्या मराठी शाळेत झाले. घरी 'पानी', शाळेत 'पाणी'. घरी 'तेला', शाळेत 'त्याला'. उच्चारासाठी छड्या खाल्लेल्यांची संख्या या पिढीत थोडी नाही. शाळेबाहेर आकाशवाणीवरील बातम्या होत्या आणि २ ऑक्टोबर १९७२ पासून मुंबई दूरदर्शन होते. बातम्या देणारी व्यक्ती कसा उच्चार करते, हे प्रथमच चाळीतील एका संचासमोर दाटीवाटीने बसून पाहता आले.

येथे एक अवांतर सांगण्यासारखे आहे. 'पाणी' हा शब्द ज्या संस्कृत 'पानीय'पासून आला त्यात 'न' आहे, 'ण' नाही. दोन स्वरांमधल्या एकेरी 'न'चा 'ण' प्राकृतातून मराठीत उतरला. म्हणजे छडी खाणारा मुलगा नकळत संस्कृतच्या अधिक जवळचा उच्चार करीत होता आणि छडी मारणारे मास्तर प्राकृताची परंपरा राखीत होते! तेव्हा 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द येथे भाषेच्या इतिहासातून आलेले नव्हते. कोणत्या घरातील माणूस कसे बोलतो, यावर ते ठरत होते.

शहरातील उच्चार आणि समाजातील स्थान यांचे नाते मोजण्याचा प्रसिद्ध प्रयोग विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केला. उच्चभ्रू, मध्यम आणि स्वस्त अशा तीन मोठ्या दुकानांत जाऊन, ज्याच्या उत्तरात 'चौथ्या मजल्यावर' असे म्हणावे लागेल असा प्रश्न त्यांनी विक्रेत्यांना विचारला आणि त्या इंग्रजी शब्दांतील 'र' किती जण उच्चारतात, हे टिपले. महागड्या दुकानात 'र' अधिक ऐकू आला, 'काय म्हणालात?' असे पुन्हा विचारल्यावर तो आणखी वाढला. म्हणजे माणूस सावध झाला, की प्रतिष्ठित उच्चाराकडे सरकतो. डिसेंबर २०२४ मध्ये निधन पावलेल्या लबॉव्ह यांची ही पद्धत महाराष्ट्रालाही अगदी अनोळखी नाही. पुढे ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते शिकवू लागले, तेथेच मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ मध्ये फलटणच्या बोलीतील भेदांवर प्रबंध सादर केला. फलटणला स्थायिक होऊन त्यांनी पुढे शाळाच काढली, कारण बोलीमुळे वर्गात मागे पडणारी मुले हा त्यांच्यासाठी प्रबंधापुरता विषय राहिला नव्हता.

लबॉव्ह यांना न्यूयॉर्कच्या कनिष्ठ मध्यमवर्गात जे दिसले, त्याचे मुंबईतील प्रतिरूप शोधायला दूर जावे लागत नाही. वर चढू पाहणारा माणूस गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो. वक्तृत्व स्पर्धेत 'मन'चा 'मण' आणि 'अनुभव'चा 'अणुभव' होतो तो यामुळेच. श्रोते हसतात. ज्या भीतीपोटी ती चूक होते, ती भीती हसणाऱ्यांच्या वाट्याला आलेली नसते.

या पिढीतील बदलात मुली पुढे होत्या आणि याची नोंद पुरेशी घेतली जात नाही. मुलगा गिरणीत 'बदली' म्हणून लागण्याची शक्यता असे. तेथे त्याला उच्चार सुधारण्याचे कारण नव्हते. उलट प्रमाण मराठी बोलणारा मुलगा नाक्यावर चेष्टेचा विषय होई. मुलगी दहावी झाली, टायपिंगचा क्लास केला आणि फोर्टातल्या कचेरीत, बँकेत, टेलिफोन खात्यात किंवा मंत्रालयात लागली, की दिवसाचे आठ तास तिला गिरगाव-दादरच्या मराठीत वावरावे लागे. 'मी आली'चे 'मी आले' तिने केले. फोनवर एक आवाज आणि घरी आल्यावर दुसरा, हे तिला सहज साधले. पुढे तिची मुले झाली तेव्हा घरात बोलायचे कोणते, हा निर्णयही बहुधा तिचाच होता.

भोंगा थांबल्यावर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही. पुढील दोन दशकांत गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल व कार्यालये आली. संपाच्या आर्थिक परिणामांवर विपुल लिहिले गेले आहे. भाषेवरील परिणाम सावकाश झाला. ज्या नाक्यावर रोज तीन पाळ्यांची माणसे भेटत, तो नाका ओस पडला. बोली टिकायला ती बोलणारी माणसे रोज भेटावी लागतात. काही कुटुंबे गावी परतली, बरीचशी डोंबिवली, कळवा, बदलापूर, नालासोपारा, विरार येथे गेली. जनगणनेचे आकडे बोलके आहेत. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर आली. त्याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत मिळून मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आले, तर हिंदी सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले.

लंडनमध्ये असेच झाले. पूर्व लंडनमधील कामगारांची 'कॉकनी' ढब त्या वर्गाबरोबर शेजारच्या एसेक्समध्ये गेली आणि मूळ वस्त्यांतील तरुणांत अनेक देशांच्या मुलांनी मिळून घडविलेली नवीच इंग्रजी रुजली. गिरणगावची बोली आज ऐकायची असेल, तर परळच्या टॉवरपेक्षा सकाळच्या बदलापूर लोकलचा डबा अधिक खात्रीचा.

तिसऱ्या पिढीने मात्र वेगळीच वाट धरली. तिचे माध्यम इंग्रजी. मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले. शेवटी महापालिकेनेही इंग्रजी माध्यमाच्या आणि केंद्रीय मंडळाच्या शाळा काढल्या. २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, त्यामुळे मराठी विषय वेळापत्रकात आला. मैदानावर तो पोहोचला नाही. मधल्या सुट्टीत दोन मराठी मुले एकमेकांशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतात आणि खेळगड्यांकडून हेल उचलण्याचा नियम येथेही आपले काम चोख करतो.

या पिढीच्या मराठीत सर्वांत आधी गेला तो दंततालव्य 'च' आणि 'ज'. मराठीत 'च' लिहायचा एक, पण उच्चारायचा दोन तऱ्हांनी. 'चाळ' म्हणताना जीभ दातांपाशी लागते, 'चाळीस' म्हणताना टाळूला. 'पाच'मधला 'च' वेगळा, 'चार'मधला वेगळा. हा भेद लिपीत दिसत नाही. मराठी घरातील मूल तो कानाने शिके, व्याकरण उघडण्याची गरज कोणाला पडली नव्हती. इंग्रजी आणि हिंदी या दोन्ही भाषांत असा भेद नाही. म्हणून ज्या मुलाचा कान या दोन भाषांवर तयार झाला, ते 'चाळ'ही 'चाळीस'सारखीच उच्चारते. चाळीत राहिलेल्या आजीच्या कानाला नातवाच्या तोंडचा 'चाळ' हा शब्दच परका वाटतो. गिरणगावची बोली कितीही 'अशुद्ध' ठरली असली तरी हा भेद तिने कधी सोडला नव्हता. मालवणी, घाटी, कोळी या सर्व बोलींत तो शाबूत होता. तेव्हा आताचा बदल आधीच्या बदलांहून निराळ्या जातीचा आहे. पूर्वी मराठीच्या एका बोलीची जागा दुसरी बोली घेत होती. आता मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतील एक कप्पाच रिकामा होत आहे.

दुसरा बदल वाक्याच्या घडणीत आहे. 'मला मदत कर'चे 'माझी मदत कर' होते. 'मी जाईन'चे 'मी जाईल' होते. क्रियापद इंग्रजी आणि शेपूट मराठी, अशी 'डिसाइड केले', 'शिफ्ट झालो', 'मॅनेज होईल' ही रचना तर आता बातम्यांतही खपून जाते. हेल बदलला आहे तो वेगळाच. वाक्याच्या शेवटी स्वर लांबविण्याची मालवणी लकब किंवा घाटावरचा ठसका यांपैकी काहीच उरलेले नाही. सूर इंग्रजी शाळेतील वर्गाचा आहे.

आणि 'ण'? तो पुन्हा गेला. दुसऱ्या पिढीने छड्या खाऊन कमावलेला 'ण' तिसऱ्या पिढीतील अनेकांच्या तोंडी 'न' होऊन बसला आहे. 'पन', 'कोन', 'आनि' हे उच्चार आता वांद्रे-पवईच्या उच्चशिक्षित घरांतूनही ऐकू येतात. आजोबांचा 'न' गावाकडून आला होता, नातवाचा हिंदी-इंग्रजीच्या शेजारातून. कानाला दोन्ही सारखेच. फरक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो. आजोबांच्या 'पानी'ला 'गावंढळ' म्हटले जाई. नातवाच्या 'पानी'चे 'किती गोड बोलतो, कॉन्व्हेंटमध्ये आहे ना' असे कौतुक होते. एकाच उच्चाराचे हे दोन भाव ज्या बाजारात लागतात, तेथे शुद्धलेखनाच्या नियमांवर वाद घालून फार काही हाती लागत नाही.

बोलीचे प्रयोग

या काळात बोलींना प्रतिष्ठा मिळालीच नाही, असे म्हणता येणार नाही. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी हजारो प्रयोगांतून गावोगावी नेली. त्या नाटकाच्या प्रयोगांना मुंबईत जो प्रेक्षक लोटला, त्यात गिरणगावचा वाटा मोठा होता. घरची भाषा तिकीट काढून ऐकण्याची सोय त्याला प्रथमच झाली. १९९९ पासून खासगी मराठी वाहिन्या आल्या. सुरुवातीला मालिकांतील सारी घरे पुणेरी बोलत. २०१६ मधील 'रात्रीस खेळ चाले'सारख्या मालिकेने मालवणी पुन्हा घराघरांत नेली, आणि यूट्यूबवर आगरी विनोदाने आपला मोठा प्रेक्षकवर्ग मिळविला. ज्या 'घोरा', 'डोला'साठी नवी मुंबई-रायगडच्या मुलांनी शाळेत टोमणे ऐकले, त्यांवर आता जाहिराती मिळतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्यभर फिरून मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रण व सर्वेक्षण हाती घेतले, हीदेखील स्वागतार्ह बाब.

मात्र रंगमंचावरची बोली आणि रोजच्या व्यवहारातली बोली यांत फरक आहे. मालिकेत मालवणी बोलतो तो बहुतेक वेळा विनोदी, भोळा किंवा भुताटकीने झपाटलेला. वकील, डॉक्टर, न्यायाधीश ही पात्रे प्रमाण मराठीच बोलतात. वृत्तनिवेदनासाठी वा ध्वनिमुद्रणासाठी आवाजाची चाचणी घेतली जाते, तेव्हा लालबागचा हेल आजही उणा पडतो. शाळेतही तेच. बोलीवरचा धडा पाठ्यपुस्तकात असतो. तोच बोलीतला शब्द उत्तरपत्रिकेत आला, तर त्याखाली लाल रेघ ओढली जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ रहिवाशांना नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर, घरातच न्हाणीघर व शौचालय. त्या कुटुंबांनी यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि भाषेच्या प्रेमापोटी कोणी चाळीत राहावे, असे सांगण्याचा अधिकार चाळीबाहेरच्या कोणालाही नाही. नव्या इमारतीत दरवाजे बंद असतात, मुले उद्वाहनातून थेट खाली उतरतात आणि सामाईक मार्गिका ही जाण्या-येण्यापुरती उरते, एवढे मात्र खरे. दुसरीकडे, बंद गिरण्यांतील कामगारांना व त्यांच्या वारसांना कर्जत मार्गावरील शेलू व वांगणी येथे घरे देण्याच्या योजनेला कामगार संघटनांचा विरोध आहे. जुलै २०२५ मध्ये त्यासाठी आझाद मैदानावर आंदोलन झाले. घरे मुंबईतच हवीत, ही त्यांची मागणी. जे परळ-लालबागमधून गेले त्यांच्या बोलीचे काय होते, याचे उत्तर कळवा आणि विरारने आधीच दिलेले आहे: एक पिढी ती टिकते, कारण शेजारीही तिकडूनच आलेले असतात. त्यानंतर शाळा कोणती, यावर सारे ठरते.

लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित झाली आहे. प्रगणक मातृभाषा विचारील. वरळीच्या एखाद्या घरात 'चाळ' दातांपाशी उच्चारणारा मुलगा, 'पाणी' जपून म्हणणारी त्याची आई आणि 'डिसाइड' करणारी त्याची शाळकरी मुलगी अशा तिघांपुढेही 'मराठी' एवढेच लिहिले जाईल. घरातील वृद्ध गृहस्थांनी आपली भाषा 'मालवणी' असल्याचे सांगितले, तर २०११ च्या जनगणनेतील वर्गवारीप्रमाणे त्यांची गणना मराठीत होणारच नाही. त्या तक्त्यात मालवणी कोकणीखाली मोडते.